विदर्भाच्या उन्हातली गच्चीबाग: एवढ्या एकाच विषयावरचे मराठी संकेतस्थळ उभे राहील का, आणि त्यातून उत्पन्न मिळेल का?

मानेवाड्याची_गच्ची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मानेवाडा भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी भाजीपाला लावते आणि त्याच विषयावर मराठीत एक ब्लॉग सुरू करण्याचा विचार आहे. गच्चीबागेविषयी मराठीत जे लेखन वाचायला मिळते ते बहुतांशी पुण्या-मुंबईच्या हवेला धरून लिहिलेले असते. तिथे उन्हाळी टोमॅटोचा सल्ला निर्धास्तपणे दिलेला असतो. आपल्याकडे मात्र दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही तापलेली राहिली की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळून पडतात. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा उन्हात सिमेंटच्या गच्चीवरच्या कुंडीचे काय होते, हे त्या लेखांच्या लेखकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अमरावती या पट्ट्यातल्या वाचकापुरते, महिन्यांच्या क्रमाने लिहावे असे मनात आहे.

मला वेळ मिळतो तो संध्याकाळचा, आणि भांडवल म्हणजे डोमेन (संकेतस्थळाचे नाव) व होस्टिंग (ते साठवण्याची जागा) यांच्या खर्चापुरती रक्कम. विषय फारच अरुंद होतो का, ब्लॉग चालवायला ब्लॉगर घ्यावे की वर्डप्रेस, आणि उत्पन्नाची वाट नेमकी कोणती, याबद्दल ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. "आधी मन लावून लिहा, पैसे आपोआप येतील" हे मी पुष्कळ ठिकाणी वाचले आहे, त्यामुळे ते वगळून लिहिले तर अधिक उपयोग होईल.

काटोलचे_संत्रे

ताई, तुमची शेवटची ओळ वाचून लिहायला बसलो. मी संत्रा बागायतदारांसाठी मराठी संकेतस्थळ चालवतो. तुमचा विषय माझ्यापेक्षा निराळा असला तरी वाचक याच मातीतला आणि याच उन्हातला आहे, म्हणून माझे अनुभव तुम्हाला लागू पडावेत.

विषय अरुंद असण्याची काळजी करू नका. काळजी करायची ती वाचक कोणत्या प्रसंगी तुमच्याकडे येतो याची. संत्र्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याची, फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतात आणि त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फळगळ सुरू झाली की बागायतदार हवालदिल होऊन मोबाईलवर शोध घेतो. त्या क्षणी त्याला संत्र्याचा इतिहास नको असतो, नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हेही नको असते. फळ बुरशीमुळे गळते आहे, किडीमुळे की अन्नद्रव्यांच्या कमतरतेमुळे, हे देठाजवळ पाहून कसे ओळखायचे एवढेच त्याला हवे असते. मी फळगळीवरचा लेख जूनमध्ये प्रसिद्ध करतो, कारण नव्या संकेतस्थळाचे पान गूगलने नोंदवून घेऊन वरच्या क्रमांकांत आणायला वेळ लागतो आणि फळगळ सुरू झाल्यावर लिहिलेला लेख वाचकापर्यंत पोहोचतो तेव्हा तोडणी आलेली असते. तुमच्या बाबतीत शेडनेटवरचा, म्हणजे सावलीच्या जाळीवरचा, लेख मार्चमध्ये लिहिला तर उशीर झाला असे समजा. होळीच्या आसपास लोक शोधायला लागतात, म्हणजे लेख जानेवारीत तयार हवा. वेलवर्गीय भाज्यांचा लेख एप्रिलमध्ये, हिवाळी रोपांचा जूनच्या शेवटी. अशी दिनदर्शिका आधी आखावी आणि मगच डोमेन विकत घ्यावे.

दुसरे म्हणजे वाचकाच्या प्रश्नामागे खर्च करण्याची तयारी किती आहे हे पाहणे. "मेथी कशी लावावी" असे शोधणारा वाचक बियांच्या एका पुडीपलीकडे काही विकत घेणार नाही. "गच्चीवर वाफे केले तर स्लॅब गळेल का" असे विचारणारा वाचक मात्र काही हजार रुपये खर्च करण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे आणि त्याला भीती वाटते आहे. ओल्या मातीचे एक लिटर दीड किलोहून अधिक भरते, आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते, म्हणून गच्चीवर ती तशीच वापरू नये, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किती आणि शेणखत किती मिसळावे, वजन स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळईच्या किंवा भिंतीच्या बाजूला का ठेवावे, हे सगळे तुम्ही फोटोंसह नीट समजावले तर तो वाचक तुमच्याकडे परत येईल. मेथीचे लेखही लिहा, त्यांनी वर्दळ वाढते. पण उत्पन्न कुठून येणार हे मनात स्पष्ट असू द्या.

शब्दांबाबत एक व्यवहारी सूचना. आपल्याकडचा माणूस सांभार शोधतो आणि पुण्याचा कोथिंबीर, शिवाय निम्मे लोक रोमन लिपीत मराठी टंकतात. लेखात दोन्ही शब्द ओघाने यावेत, मात्र एकाच वाक्यात चार पर्यायी नावे कोंबू नयेत. संकेतस्थळ सुरू झाले की गूगल सर्च कन्सोल जोडून घ्या. लोक कोणते शब्द टाकून तुमच्या पानापर्यंत आले हे तिथे दिसते आणि पुढच्या लेखांचे निम्मे विषय तिथेच सापडतात.

ब्लॉगर की वर्डप्रेस यावर फार वेळ घालवू नका. ब्लॉगर फुकट आहे आणि स्वतःचे डोमेन त्यालाही जोडता येते. पुढे कार्यशाळेची नोंदणी किंवा पुस्तिकेची विक्री करायची असेल तर स्वतःच्या होस्टिंगवरचे वर्डप्रेस सोयीचे पडते. वर्डप्रेस घेतल्यास एक काम न चुकता करा: लेखाचा पत्ता, म्हणजे स्लग, रोमन लिपीत लहानसा ठेवा. देवनागरी पत्त्यातले प्रत्येक अक्षरचिन्ह साठवताना नऊ वर्णांचे होते आणि वर्डप्रेसमध्ये स्लगची मर्यादा २०० वर्णांची आहे, त्यामुळे बाविसाव्या चिन्हानंतर पत्ता तुटतो. तोच दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांची चिन्हे आणि आकडे यांची लांबलचक माळ दिसते आणि लोक ती फसवणुकीची लिंक समजून उघडत नाहीत.

धंतोलीकर_निवांत

वरचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण मुळातच शंका आहे. आज बाग शिकायची असेल तर माणूस चलचित्र पाहतो, वाचत बसत नाही. शिवाय गूगल आता उत्तराचा सारांश शोधाच्या पानावरच देऊ लागले आहे, म्हणजे तुमच्या पानावर येण्याची गरजही उरत नाही. अशा काळात मजकुराचे संकेतस्थळ उभे करणे म्हणजे उलट्या दिशेने चालणे नव्हे काय? तेवढेच श्रम यूट्यूबवर का करू नयेत?

मानेवाड्याची_गच्ची

निवांतभाऊ, शंका रास्त आहे. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १००० सदस्य आणि गेल्या बारा महिन्यांत ४००० तासांचे दर्शन हवे, ही अट मी पाहिली आहे. त्याहून मोठी अडचण अशी की मला कॅमेऱ्यासमोर बोलणे जमत नाही आणि संपादनाला लागणारा वेळ माझ्या संध्याकाळीत बसत नाही. सारांशाचा मुद्दा मात्र मला खरोखर अस्वस्थ करतो.

काटोलचे_संत्रे

सारांशामुळे फटका बसतो तो सर्वसामान्य माहितीला. "कोकोपीट म्हणजे काय" या प्रश्नाचा वाचक गेला असे धरून चाला. परंतु मानेवाड्यातल्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या गच्चीवर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात ५० टक्के सावली देणाऱ्या जाळीखाली गवार तगली आणि पालक तगला नाही, ही नोंद फक्त तुमच्याकडे असणार; ती दुसऱ्या कोणी आधी लिहिलेली नाही, त्यामुळे तिचा सारांश तुमचे पान वाचूनच करावा लागेल. स्वतःचे फोटो, तारखा, तापमान, काय मेले आणि काय जगले, हे लेखात जितके अधिक तितके तुमचे पान टिकाऊ. यंत्राकडून भराभर लेख लिहवून घेऊन संकेतस्थळ भरण्याचा मोह अनेकांना होतो. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशा घाऊक मजकुराविरुद्धचे नियम कडक केले, आणि तसेही त्या लेखांतला टोमॅटो कोणत्याच गावचा नसतो.

चलचित्रांना विरोध नाही. छाटणी कशी करावी हे चाळीस सेकंदांत हात दाखवून समजते, मजकुरातून समजत नाही. तेवढे तुकडे चेहरा न दाखवता काढा आणि लेखात जोडा.

जमाखर्च

मी व्यवसायाने हिशेब तपासतो आणि माझ्याकडे अशी संकेतस्थळे चालवणारे काही जण येतात, म्हणून पैशाच्या बाजूविषयी लिहितो.

गूगल ॲडसेन्सने, म्हणजे संकेतस्थळांवर जाहिराती दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेने, हिंदीला २०१४ मध्ये स्वीकारले आणि त्यानंतर काही वर्षांनी मराठीचाही समावेश केला, त्यामुळे मराठी पानांवर जाहिराती मिळतात. आशयावरच्या जाहिरातींच्या रकमेतला साधारण ६८ टक्के वाटा प्रकाशकाकडे येतो आणि २०२४ पासून मोबदला क्लिकऐवजी जाहिरात दिसण्याच्या प्रमाणात मोजला जातो. ऐकायला हे चांगले वाटते; पण भारतीय वाचकाला दाखवलेल्या जाहिरातीसाठी जाहिरातदार अमेरिकेतल्या वाचकाच्या तुलनेत फार कमी पैसे मोजतो, आणि मराठी पानांसाठी बोली लावणारे जाहिरातदार इंग्रजीपेक्षा थोडेच. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय रक्कम मिळत नाही. लहान विषयाच्या मराठी संकेतस्थळाला तिथवर पोहोचायला किती काळ लागेल याचा हिशेब करताना मी माझ्या अशिलांना पहिल्या वर्षी ही रक्कम शून्य धरायला सांगतो. १० डॉलर झाले की गूगल तुमच्या पत्त्यावर टपालाने पडताळणीचा पिन पाठवते आणि तो चार महिन्यांत न भरल्यास जाहिराती थांबतात. आपल्याकडचे पत्ते प्लॉट क्रमांक आणि लेआऊटच्या नावाने चालतात, म्हणून खात्यात पत्ता लिहिताना पोस्टमनला घर सापडेल अशी खूण अवश्य घाला. स्वतःच्या जाहिरातींवर स्वतः क्लिक करू नये आणि नातेवाइकांनाही तसे सांगू नये. त्यावर खाती कायमची बंद होतात.

दुसरी वाट वस्तूंच्या दुव्यांची, म्हणजे तुमच्या दुव्यावरून खरेदी झाली की मिळणाऱ्या दलालीची. ॲमेझॉनच्या भारतातल्या सहयोगी योजनेत वाचकाने तुमच्या दुव्यावरून जाऊन २४ तासांच्या आत वस्तू टोपलीत टाकली पाहिजे, आणि पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते. म्हणून पहिल्या दिवशीच नोंदणी करू नका. पानांवर थोडी वर्दळ दिसू लागली की करा, तीही उन्हाळ्याच्या तोंडावर, जेव्हा जाळी आणि ठिबकचे संच विकले जातात.

तिसरी वाट म्हणजे स्वतःची सेवा किंवा पुस्तिका, आणि माझ्यासमोर येणाऱ्या हिशेबांत टिकाऊ रक्कम दिसते ती इथे. कार्यशाळेचे शुल्क यूपीआयने घेता येते, मध्ये कोणी वाटेकरी नसतो आणि पैसे त्याच दिवशी खात्यात असतात.

कराविषयी थोडक्यात: हे सर्व उत्पन्न तुमच्या विवरणपत्रात दाखवायचे असते, रक्कम लहान असली तरीही. डोमेन, होस्टिंग, इंटरनेट यांचा धंद्यापुरता खर्च वजा मिळतो, तेव्हा पावत्या जपून ठेवा. जीएसटीची नोंदणी केवळ सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, त्यामुळे तो विषय तुमच्यापुरता पुढचा आहे. जाहिरातींची रक्कम परदेशातून जमा झाल्यास बँक ती कशाबद्दलची आहे असे विचारते. घाबरून काहीतरी उत्तर देण्यापेक्षा "संकेतस्थळावरील जाहिरातींचे उत्पन्न" असे सरळ सांगावे.

निवृत्त_कृषिसेवक

चर्चा चांगली चालली आहे. जमाखर्च यांनी तिसऱ्या वाटेचे नाव घेतले म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो, कारण बागेची संकेतस्थळे चालवणारे उत्साही लोक हमखास याच वळणावर अडकतात. वाचक वाढले की बियांच्या पुड्या आणि गांडूळखताच्या पिशव्या विकाव्यात असे वाटू लागते. बियाण्यांची विक्री बियाणे (नियंत्रण) आदेश १९८३ खाली येते आणि व्यवसाय म्हणून बियाणे विकायचे तर कृषी विभागाचा परवाना लागतो. खतांसाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे आणि त्यात सेंद्रिय खतांचाही समावेश आहे. कीटकनाशकांचे तर विचारूच नका, तिथे १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे. घरचे मूठभर बी शेजारणीला देणे वेगळे आणि संकेतस्थळावर किंमत टाकून पुडी पाठवणे वेगळे. त्यापेक्षा परवानाधारक रोपवाटिकेशी बोलून तिच्याकडे वाचक पाठवण्याचा रीतसर मोबदला ठरवावा.

फवारणीबाबतही जपून लिहावे. घरच्या भाजीवर कोणते औषध किती मिली मारावे हे बाटलीवरच्या लेबलात त्या पिकासाठी दिलेले असेल तरच लिहावे. शंका असेल तेव्हा महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय आपल्या शहरातच आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी मराठीत प्रसिद्ध होतात, आणि लिंबूवर्गीय झाडांसाठी अमरावती रस्त्यावरची केंद्रीय संस्था आहे. तिथल्या शिफारशीचा आधार घेऊन तसे लेखात नमूद केले तर तुमच्या शब्दाला वजन येते. कुंडीतल्या लिंबाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) झाला असे कोणी लिहिले तर संत्रा बागेतली बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाची, मात्रा तशीच उचलून सांगू नका, एवढे मात्र बजावून ठेवतो.

धंतोलीकर_निवांत

परवान्याची गोष्ट मला नवीन आहे. माझा विरोध थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. वाचक गोळा करायचेच असतील तर ते गूगलच्या भरवशावर न ठेवता व्हॉट्सॲपवर आणावेत असे मला वाटते.

काटोलचे_संत्रे

याच्याशी सहमत. मात्र गट काढण्याऐवजी चॅनेल काढावे. गटात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात, ताईंच्या वाचकांत महिला बऱ्याच असतील, आणि पहाटेपासून सुविचार सुरू झाले की कामाचा संदेश दिसेनासा होतो. चॅनेलमध्ये सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत आणि बोलणारे तुम्ही एकटेच. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, "या आठवड्यात गच्चीवर काय करावे" असा चार ओळींचा संदेश आणि खाली लेखाचा दुवा पुरेसा आहे.

मानेवाड्याची_गच्ची

सर्वांचे मनापासून आभार. आता चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. पहिल्या उन्हाळ्यात जाहिराती घालायच्याच नाहीत, जाळी, वजन, गळती आणि पाणी या चार विषयांवर सविस्तर लेख आधी लिहायचे, आणि पावसाळ्यापूर्वी घरीच एक लहान कार्यशाळा घ्यायची, असे ठरवते आहे.

दोन प्रश्न उरले. शहरातल्या एका दुकानदाराला माझे फोटो आवडले आहेत. तो शेडनेट फुकट देऊ करतो आहे आणि त्याबदल्यात लेख हवा म्हणतो. हे घ्यावे का? आणि कार्यशाळेचे शुल्क किती ठेवावे?

जमाखर्च

घेण्यास कायद्याची हरकत नाही, लपवण्यास आहे. पैसे, फुकट वस्तू किंवा सवलत यांपैकी काहीही मिळाले असेल तर ते वाचकाला ठळकपणे आणि त्याच भाषेत सांगावे, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. जाहिरात मानक परिषदेचे तशाच स्वरूपाचे नियम २०२१ पासून आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू आहे. तेव्हा लेखाच्या सुरुवातीलाच, तळटीपेत नव्हे, "ही जाळी दुकानदाराने विनामूल्य दिली आहे" असे मराठीत लिहा. आणखी एक अट तुमच्याकडून घाला: लेख जाळी बसवल्याच्या दिवशी येणार नाही, मे महिना संपल्यावर येईल. नागपूरच्या उन्हात पहिल्याच उन्हाळ्यात जाळीचे धागे सुटू लागले तर तेही लिहिले जाईल असे त्याला आधीच सांगा. त्यावर तो तयार झाला तर माल चांगला आहे असे समजायला हरकत नाही.

काटोलचे_संत्रे

शुल्काचा आकडा मी सांगणार नाही, पण तो काढायचा कसा ते सांगतो. प्रत्येकाने घरी नेण्यासाठी एक भरलेली कुंडी द्या. माती, कोकोपीट, खत, कुंडी आणि रोप यांची किंमत काढा, त्यात चहा-नाश्ता धरा, आणि तुमच्या अर्ध्या दिवसाचा मोबदला बारा जणांत वाटून त्यावर चढवा. बारापेक्षा अधिक लोक गच्चीवर घेऊ नका. शिकवणे जमत नाही आणि वजनाचा लेख तुम्हीच लिहिणार आहात. शुल्क आगाऊ घ्या. फुकट किंवा "स्वेच्छेने द्या" असे ठेवले तर नावे पंचवीस येतात आणि माणसे सात. वेळ सकाळी सातची ठेवा आणि तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली, कारण आपल्याकडे मान्सून साधारण महिन्याच्या मध्यावर येतो आणि लोकांना घरी जाऊन दोडके-कारल्याचे बी लावायला तेवढाच अवधी लागतो. आलेल्या बारा जणांना त्या दिवशी पडलेले प्रश्न लिहून घ्यायला विसरू नका, पावसाळ्यातले लेख त्यातूनच निघतील.

निवृत्त_कृषिसेवक

कार्यशाळेत माझे एक नाव धरा. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा हे मी दाखवीन, शुल्कही भरीन.